आठवड्याला दोघी

भारतात दर साडेसहा मिनिटांनी एक बाई गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं दगावते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा २०२२ सालचा अंदाज आहे की, त्या एका वर्षात देशात या रोगाच्या १,२७,५२६ नव्या रुग्ण झाल्या आणि ७९,९०६ बायका गेल्या. म्हणजे दिवसाला २१९. जगभरात त्या वर्षी या रोगानं ३,४८,८७४ मृत्यू झाले. दर चार-साडेचार मृत्यूंमागे एक आपल्या देशातला.

या आकड्याचा आकार कळायला शेजारी दुसरा आकडा ठेवावा लागतो. गरोदरपणात आणि बाळंतपणात होणारे मृत्यू कमी करण्यासाठी आपण गेली वीस वर्षं जिवाचं रान केलं. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये भारतात असे सुमारे १९,००० मृत्यू झाले. गर्भाशयमुखाचा कॅन्सर त्याच्या चौपट बायका नेतो. गावात बाळंतीण दगावली तर तालुक्यापर्यंत फोन जातात, चौकशीचा फॉर्म भरला जातो, कुठं उशीर झाला ते विचारलं जातं, आणि ते व्हायलाच हवं. पण चाळिशीतली बाई सहा महिने अंगावरून रक्त जात राहून गेली, तर "ही आपल्याला आधी का सापडली नाही" असं विचारणारा फॉर्म नाही. घरचे म्हणतात, बायकी दुखणं होतं, आणि विषय तिथंच मिटतो.

ज्या विषाणूमुळे हे होतं त्याचं नाव एचपीव्ही. गोलाकार, जेमतेम ५५ नॅनोमीटर रुंद. डोक्याचा एक केस घेतला तर त्याच्या जाडीत असे चौदाशे विषाणू एका रांगेत बसतील. माणसाच्या जनुकीय मजकुरात तीनशे कोटींहून जास्त अक्षरं असतात, याच्यात अवघी आठ हजार. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन यांनी १९८३-८४ मध्ये गर्भाशयमुखाच्या गाठींत याचे १६ आणि १८ क्रमांकाचे प्रकार शोधून काढले आणि २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. दोनशेहून जास्त प्रकारांपैकी हे दोनच या कॅन्सरच्या सुमारे ७० टक्के रुग्णांना कारणीभूत आहेत.

या विषाणूबद्दलचा सगळ्यात मोठा आकडा मात्र वेळेचा आहे. शरीरसंबंध सुरू झाल्यावर बहुतेक स्त्री-पुरुषांना कधी ना कधी एचपीव्हीची लागण होते. दहातल्या नऊ जणींचं शरीर दोनेक वर्षांत तो परतवून लावतं. ज्या थोड्या जणींत तो ठाण मांडून बसतो, त्यांच्यातही कॅन्सर व्हायला साधारण पंधरा ते वीस वर्षं लागतात. पंधरा वर्षं म्हणजे ७८ लाखांहून जास्त मिनिटं. या सगळ्या काळात पेशी हळूहळू बिघडत असतात, बाईला काही दुखत नाही, खुपत नाही, आणि बाहेरून बघणाऱ्याला मात्र तो बिघाड दिसू शकतो. तो बघायला एक मिनिट लागतं.

ही अतिशयोक्ती नाही. उपकेंद्रातली तपासणी अशी होते. टेबलाभोवती पडदा ओढलेला असतो. नर्सबाई म्हणतात, "मावशी, पाय सैल सोडा, लांब श्वास घ्या." स्पेक्युलम नावाचं साधन लावून गर्भपिशवीचं तोंड उजेडात घेतात. कापसाचा बोळा तीन ते पाच टक्के ॲसेटिक ॲसिडमध्ये बुडवून त्या जागेवर टेकवतात. हे ॲसिड म्हणजे व्हिनेगरच. मग घड्याळाकडे बघत मिनिटभर थांबतात. निरोगी भाग गुलाबी राहतो, बिघडलेल्या पेशींचा भाग पांढरट उठून दिसतो. प्रयोगशाळा नाही, नमुना पाठवणं नाही, महिनाभरानं येणारा रिपोर्ट नाही. पांढरा डाग दिसला आणि तो कॅन्सरच्या अलीकडचाच आहे अशी खात्री झाली, तर हातात धरायच्या, बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रानं ती जागा १०० अंशांवर २० ते ३० सेकंद शेकतात. बाई त्याच दिवशी चालत घरी जाते. पंधरा वर्षं चाललेली गोष्ट अर्ध्या मिनिटात थांबते.

आता आदिवासी बायकांकडे येऊ. २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जमातींची संख्या १० कोटी ४३ लाख होती, त्यातल्या सुमारे ५ कोटी १८ लाख स्त्रिया. अख्ख्या ओडिशा राज्याच्या लोकसंख्येपेक्षा हा आकडा मोठा आहे. महाराष्ट्रात १ कोटी ५ लाख आदिवासी, म्हणजे बाया-पोरी मिळून बावन्न लाखांच्या आसपास. ७९,९०६ मध्ये यांतल्या किती? हा हिशेब मांडायला मृत्यूची आणि निदानाची नोंद लागते. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाचा २०२० सालचा अहवाल २८ नोंदणी केंद्रांवर उभा होता आणि ती सगळी मिळून देशाच्या जेमतेम दहा टक्के लोकसंख्येवर नजर ठेवत होती. महाराष्ट्रातली केंद्रं मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबाद, बार्शी, वर्धा, उस्मानाबाद-बीड इथली. जिथं शंभरातली एकोणसत्तर माणसं आदिवासी आहेत त्या नंदुरबारचं नाव त्यात नाही, आणि गडचिरोलीचंही नाही.

जिथं आदिवासी मुलखात नोंद होते, तिथं काय दिसतं ते त्याच अहवालात आहे. अरुणाचल प्रदेशातल्या पापुम पारे जिल्ह्यात, जो मुख्यतः न्यीशी लोकांचा मुलूख आहे, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं प्रमाण दर लाख बायकांमागे २७.७ निघालं. देशात सगळ्यात जास्त. मिझोरामचं आयझॉल त्याच्या अगदी पाठोपाठ. आणि पापुम पारेपासून फार लांब नसलेल्या आसामातल्या दिब्रुगडचा आकडा पाचच्याही खाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं लाखामागे ४ च्या खाली आलं की हा रोग हटला असं म्हणायचं. म्हणजे दिब्रुगड त्या रेषेच्या जवळ उभं आहे आणि पापुम पारे तिच्या सातपट वर. म्हणून नंदुरबारच्या रिकाम्या रकान्यात शून्य आहे असं समजून चालणं मला भीतीदायक वाटतं.

त्याच जागतिक संघटनेनं नोव्हेंबर २०२० मध्ये सगळ्या देशांपुढे उद्दिष्ट ठेवलं की, २०३० पर्यंत शंभरातल्या सत्तर जणींची पस्तिशीच्या आत एकदा आणि पंचेचाळिशीच्या आत पुन्हा एकदा चांगल्या चाचणीनं तपासणी व्हावी. आपण कुठं आहोत? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं गेलं की, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी कधी झाली आहे का? हो म्हणणाऱ्या निघाल्या १.९ टक्के, आणि त्याही शहरं-गावं, श्रीमंत-गरीब सगळ्या मिळून. सत्तरच्या जागी दोनही नाहीत.

या दोन टक्क्यांची मुळं खूप मागं जातात. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली आणि जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापले. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक रोगाचा काही ना काही त्रास होता. एकीला सरासरी ३.६ आजार, म्हणजे दोन गावांत मिळून तेवीसशेच्या वर आजार. आणि याआधी अशी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. मला त्या निबंधातला आणखी एक आकडा जास्त बोचतो. ४५ टक्के बायकांनी कसलीच तक्रार सांगितली नव्हती. धुपणी जाते, कंबर भरून येते, पाळी सोडून मध्येच लाल जातं, हे सगळं बाईच्या जन्माबरोबर आलेलं आहे असं जिला लहानपणापासून दिसलं, ती तक्रार कसली करणार? आईचं जात होतं, सासूचं जातं, आपलंही जातं.

म्हणून आदिवासी बायकांमध्ये कॅन्सरची जाणीव नाही असं म्हणताना मी जरा थांबतो. शरीराची जाणीव त्यांना भरपूर असते. कुठली मुळी पोटात दिली की रक्त थांबतं, हे सांगणाऱ्या म्हाताऱ्या प्रत्येक पाड्यावर आहेत. गडचिरोलीत माडिया-गोंड वस्त्यांत पाळीचे दिवस बायका कुर्माघरात काढतात. त्या झोपडीवर बोलण्यासारखं खूप आहे, पण एक गोष्ट उघड आहे: कुणाची पाळी किती दिवस चालली, कोण महिन्यात दोनदा येऊन बसली, कोण पाळी गेल्यावर वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा आली, हे तिथल्या बायकांना माहीत असतं. डॉक्टर ज्याला धोक्याचं लक्षण म्हणतो ते त्या वस्तीत कुणी तरी बघितलेलं असतंच. कमी पडते ती एवढीच माहिती की यातली अमुक गोष्ट मुळीनं थांबणारी नाही, तिच्यासाठी चार दिवसांत उपकेंद्रावर जायचं, आणि तिथं गेल्यावर जे करतात ते नसबंदीचं ऑपरेशन नसतं. ही शेवटची भीती शहरात बसून कळत नाही. टेबलावर झोपवून खालून तपासणं म्हणजे ऑपरेशनची तयारी, असं मानणाऱ्या बायका आजही आहेत.

सरकारी यंत्रणेकडे विचारायचा कागद आहे. तिशीपुढच्या प्रत्येकासाठी आशाताईनं भरायचा तो तपासणी फॉर्म. त्यात बायकांसाठी नेमके प्रश्न आहेत: दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जातं का, पाळी बंद झाल्यावर जातं का, संबंधानंतर जातं का, वास येणारं पाणी जातं का. चारही प्रश्न अचूक. एका फॉर्मचे आशाला मिळतात दहा रुपये. आता हा फॉर्म कुठं भरला जातो ते बघा. ओटीवर दीर बसलेला, सासू तांदूळ निवडतेय, पोरं आजूबाजूला, आणि आशा विचारणार संबंधानंतर रक्त जातं का! ती विचारत नाही, चारही ठिकाणी 'नाही' लिहिते आणि पुढच्या घरी जाते. तिची चूक मी मानत नाही. दहा रुपयांत आपण तिच्याकडून घरातल्या सगळ्यात अवघड संभाषणाची अपेक्षा करतो. असे 'नाही' गोळा होऊन तालुक्याला जातात, जिल्ह्याला जातात, आणि वर कुठं तरी सगळं ठीक असल्याचा आकडा तयार होतो.

एकांतात, बाईच्या बोलीत विचारलं की काय होतं याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. १९८७ मध्ये बार्शीला देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, ३४६ गावांसाठी. दवाखान्यात येईल तो रुग्ण मोजायचा ही शहरी पद्धत इथं चालणार नव्हती, कारण रुग्ण दवाखान्यात येतच नव्हते. मग नोंदणीची माणसं गावोगाव फिरली, सुईणींना, सरपंचांना, शिक्षकांना भेटली, लक्षणं सांगितली, कुणाला असं होतंय का विचारत राहिली. हेतू होता मोजण्याचा. पण काही वर्षांतच दिसलं की या भागातल्या बायका गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या आधीच्या टप्प्यात येऊ लागल्या आहेत. कसलीही मोठी तपासणी मोहीम त्या गावांत नव्हती, नुसतं बोलणं होतं. पहिल्या टप्प्यात आलेल्या दहापैकी आठ-नऊ जणी बऱ्या होतात, शेवटच्या टप्प्यात आलेल्यांपैकी फार थोड्या. त्यामुळे बोलण्यानं टप्पा बदलला, याचा अर्थ बोलण्यानं जीव वाचले.

त्याच बार्शीच्या शेजारी, तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यात, १९९९ पासून एक प्रचंड प्रयोग झाला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, गावांचे ५२ गट. काही गटांत एचपीव्हीची चाचणी, काहींत पेशींची, काहींत व्हिनेगरची, आणि उरलेल्या गटांत नेहमीचीच व्यवस्था. आठ वर्षांनी मोजलं. एचपीव्ही चाचणीच्या ३४,१२६ बायकांत पुढच्या टप्प्याचा कॅन्सर ३९ जणींना, नेहमीच्या व्यवस्थेतल्या ३१,४८८ बायकांत ८२ जणींना. मृत्यू ३४ आणि ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या एका चाचणीनं मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. आज जगभरातली तपासणीची धोरणं ज्या पुराव्यावर उभी आहेत त्यात मराठवाड्यातल्या या शेतकरी, मजूर बायकांचा मोठा वाटा आहे. त्या चौसष्ट जणींना कसलीच चाचणी मिळाली नाही, यावरून पुढे बराच वाद झाला. तो वाद मला रास्त वाटतो. ज्यांच्या मृत्यूनं जगाला आकडा मिळाला, त्यांच्या स्वतःच्या जिल्ह्यात, शेजारच्या जिल्ह्यांत ही चाचणी घरोघर पोचायला हवी होती. पण प्रयोग सुरू झाल्यावर वीसेक वर्षांनी देशाचा तपासणीचा आकडा १.९ टक्के होता.

मुंबईच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या गटानं व्हिनेगरच्या तपासणीचा असाच मोठा प्रयोग केला, दीड लाखावर बायका, बारा वर्षं. थोडं प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी तपासलं आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. डॉक्टर लागला नाही, हे इथं महत्त्वाचं, कारण दुर्गम भागात तोच नसतो.

आता एक भागाकार करू. माझ्या मते या सगळ्या विषयातली सगळ्यात थक्क करणारी संख्या या भागाकाराच्या शेवटी आहे.

सरकारच्या निकषाप्रमाणे आदिवासी भागात ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र हवं. तीन हजारांत निम्म्या बाया, दीड हजार. त्यातल्या ३० ते ६५ वयाच्या साधारण एक तृतीयांश धरू, पाचशे. केंद्र सरकारच्या २०१६ च्या आराखड्याप्रमाणे या वयाच्या बाईला दर पाच वर्षांनी एकदा तपासायचं. म्हणजे वर्षाला शंभर. वर्षाचे आठवडे बावन्न.

आठवड्याला दोघी.

पाच कोटी अठरा लाखांपासून सुरुवात केली, की माणूस गळून जातो. मोहीम हवी, निधी हवा, हजारो डॉक्टर हवेत असं वाटायला लागतं. भागाकार पूर्ण केला की उपकेंद्राच्या दारात आठवड्याला दोन बायका उभ्या राहतात. तेवढ्यांसाठी एक मिनिटाची तपासणी, फार तर अर्ध्या तासाचं बोलणं. उस्मानाबादच्या प्रयोगात व्हिनेगरच्या चाचणीत शंभरातल्या चौदा जणींना डाग दिसला होता. तसंच धरलं तर वर्षाला चौदा जणींना पुढे बघायला न्यावं लागेल, महिन्याला एक-दोन. एवढी माणसं एका उपकेंद्राच्या नोंदवहीत नावानिशी लक्षात राहतात. कुणाची जाऊ, कुठल्या पाड्याची, परत आली की नाही, हे नर्सबाई तोंडपाठ सांगू शकतात.

कागदावरचा हिशेब आणि डोंगर यांत फरक असतो, हे मला ठाऊक आहे. उपकेंद्रं निकषाप्रमाणे सगळीकडे नाहीत, असली तर नर्सच्या जागा रिकाम्या आहेत, आणि मुख्य म्हणजे बायका वर्षभर गावात नसतात. सातपुड्यातली कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत उतरतात, ती होळीला परततात. सरकारी शिबिरं नेमकी थंडीत लागतात, कारण हवा चांगली असते आणि मार्चच्या आत खर्च दाखवायचा असतो. तेव्हा पाड्यावर म्हातारी माणसं आणि कोंबड्या उरलेल्या असतात. पुढे पावसाळ्यात नाले भरले की रस्ता तुटतो. होळी ते पहिला पाऊस, एवढीच सोयीची खिडकी. होळीच्या आधी धडगाव-अक्कलकुव्याच्या बाजूला भोंगऱ्या बाजार भरतात, सगळा डोंगर खाली उतरतो. तारखा महिना आधी ठाऊक असतात. तिथं वर्षानुवर्षं कापड, गूळ, चांदीचे दागिने यांची दुकानं लागतात. बाईनं बाईशी भिलीत, पावरीत चार शब्द बोलावेत, उपकेंद्रावर यायचा वार सांगावा, यासाठी याहून चांगली जागा नाही. भिली बोलणारे देशात एक कोटीच्या वर आहेत, गोंडी बोलणारे तीस लाखांच्या आसपास, कोरकू सात लाख. त्यांच्यापर्यंत पुस्तकी मराठीतलं, गुळगुळीत कागदावरचं माहितीपत्रक पोचवणं म्हणजे फक्त छपाईचं बिल.

ज्यांना तपासणीचं टेबलच नको वाटतं त्यांच्यासाठीही वाट निघाली आहे. एचपीव्हीच्या चाचणीसाठी बाई पडद्याआड जाऊन स्वतःच्या हातानं काडीवर नमुना घेऊ शकते, आणि जागतिक आरोग्य संघटनेनं ही पद्धत मान्य केली आहे. क्षयरोगाच्या निदानासाठी गोव्यातल्या मोलबायो कंपनीची ट्रूनॅट यंत्रं देशभर गेली आहेत, त्याच यंत्रावर एचपीव्हीची चाचणीही चालते. यंत्र तालुक्यात आहे, विजेची सोय आहे, माणूस शिकलेला आहे.

न तपासल्याची किंमत काय पडते तेही मोजावं. गाठ पुढच्या टप्प्यात गेली की गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर बाहेरून किरणोपचाराच्या साधारण पंचवीस बैठका होतात, आठवड्यात पाच, बरोबर आठवड्याला एकदा केमो, आणि शेवटी आतून किरणोपचार. सगळं मिळून सात-आठ आठवडे. भामरागडहून नागपूर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. रोज ये-जा अशक्य, म्हणून राहणं आलं, सोबतीला नवरा किंवा भाऊ आला. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. दोघांचे पन्नास दिवस बुडाले तर तीस हजार रुपये गेले. उपचार फुकट असले तरी हे तीस हजार फुकट नसतात. मधल्या बैठका सोडून बायका घरी परततात याचं कारण डॉक्टर कधी कधी अज्ञान सांगतात. शेरडं विकायला काढलेल्या घराचा हिशेब त्या अज्ञानात बसत नाही.

गर्भपिशवी आणि बीजांडकोशाच्या कॅन्सरबद्दल थोडक्यात सांगायला हवं, कारण त्यांना व्हिनेगरची युक्ती लागू पडत नाही. बीजांडकोशाच्या कॅन्सरनं २०२२ मध्ये भारतात सुमारे तेहतीस हजार बायका गेल्या. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त बायकांवर रक्ताची आणि सोनोग्राफीची तपासणी वर्षानुवर्षं करून बघितली, २०२१ मध्ये निष्कर्ष आला, त्यानं मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणजे इथं लक्षण ओळखणं हेच हातात राहतं: पोट सतत फुगलेलं, दोन घासांत पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, आणि हे आठवडेच्या आठवडे. गर्भपिशवीच्या कॅन्सरचं लक्षण त्या मानानं बोलकं आहे. पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर एकदा जरी लाल दिसलं तरी दाखवायचं. डोंगरातल्या बाईला एवढं एक वाक्य माहीत असलं तरी फरक पडेल.

पण सांगणाऱ्याच्या हातून जाणिवेची भीती होऊ नये. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं. शासनाच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली, सहातली एक. देशाची सरासरी ३.३ टक्के. यातल्या बहुतेक आदिवासी नव्हत्या, पण कोयता दोघींच्या हातात तोच. धुपणी जाते म्हणून दवाखान्यात गेलेल्या बायकांना पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल, असं सांगितलं गेल्याचं त्यांनीच नंतर सांगितलं. कॅन्सरचं नाव त्यांच्यापर्यंत पोचलं होतं, तपासणी पोचली नव्हती.

आणि खम्मम. आज लशीबद्दल बोलताना खम्मम वगळून बोलणं मला अप्रामाणिक वाटतं. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात १४,०९१ आणि गुजरातेत वडोदऱ्याला १०,६८६ मुलींना एचपीव्हीची लस एका प्रकल्पात दिली गेली. खम्ममच्या कितीतरी मुली आदिवासी, वसतिगृहात राहणाऱ्या, दहा ते चौदा वर्षांच्या. सात मुलींच्या मृत्यूंच्या बातम्या आल्या, एप्रिल २०१० मध्ये काम थांबलं. चौकशी समितीला मृत्यूंचा लशीशी संबंध आढळला नाही. पण संसदीय समितीच्या २०१३ च्या अहवालात संमतिपत्रांचा हिशेब आहे: ९,५४३ पत्रांपैकी १,९४८ वर अंगठे, २,७६३ वर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या. जवळपास निम्म्या पत्रांवर एक तर अंगठा होता किंवा आईबापांच्या जागी दुसऱ्याची सही. लस चांगली होती, विचारण्याची पद्धत वाईट होती, आणि त्याची किंमत देशानं पुढची दहा-बारा वर्षं मोजली.

याच थांबण्यातून एक अनपेक्षित गोष्ट निघाली. तेव्हाच बार्शी, पुणे, मुंबई, मिझोराम अशा ठिकाणी एक वेगळा अभ्यास चालू होता, दोन डोस पुरतात की तीन लागतात हे बघण्याचा. सरकारी आदेशानं तोही थांबला. १७,७२९ मुलींपैकी ४,९५० जणींना एकच डोस मिळून बाकीचे राहिले. संशोधकांनी त्या मुलींचा माग दहा वर्षं सोडला नाही. २०२१ मध्ये आकडे छापून आले: विषाणूच्या १६ आणि १८ प्रकारांची टिकून राहणारी लागण रोखण्यात एका डोसची ताकद ९५ टक्क्यांच्या वर, दोन-तीन डोसांच्या तोडीची. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं एक डोस पुरेसा असल्याचं मान्य केलं. साऱ्या जगाचा खर्च या निष्कर्षानं खाली आला.

पुण्याच्या सीरम कंपनीनं बनवलेली एचपीव्हीची लस सर्व्हाव्हॅक २०२३ मध्ये बाजारात आली, डोसाला दोन हजार रुपये. रोजगार हमीच्या मजुरीत मोजलं तर जवळपास सात दिवसांचं काम. ज्या घरात दोन मुली आहेत तिथं पंधरवड्याची मजुरी. हे पैसे घरानं भरायचे नाहीत, सरकारनं भरायचे, हे सिक्कीमनं २०१८ मध्ये दाखवलं. शाळाशाळांतून, पालकांशी आधी बोलून, ९ ते १४ वयाच्या ९७ टक्के मुलींना पहिला डोस दिला. तिथंही डोंगर आहेत, तिथंही जमाती आहेत.

महाराष्ट्रातल्या आश्रमशाळांत हे करताना खम्ममची चूक टाळायची तर सही अधीक्षकाची चालणार नाही, आईबापांना बोलवावंच लागेल. माझ्या डोक्यात एक साधी जोडणी आहे. चौदा वर्षांच्या आदिवासी मुलीची आई बहुधा तिशी-पस्तिशीची असते, म्हणजे तपासणीच्या वयात नुकती आलेली. ती संमतीसाठी शाळेत येईल त्याच दिवशी शाळेच्या एका खोलीला पडदा लावून नर्सबाई बसली, आधी लशीचं समजावून सांगितलं आणि मग "तुमचंही बघून घेऊ का?" एवढं विचारलं, तर एकाच पायपिटीत दोन पिढ्यांचं काम होतं. तारीख मात्र होळीनंतरची हवी.